नारूची विहीर आणि रिकामा मांडव

डॉक्टरकीच्या परीक्षेत मला नारूवर प्रश्न आला होता. मी त्या जंताची लांबी, जाडी, रंग, नर-मादीतला फरक असे सगळे लिहिले आणि चांगले गुण मिळवले. तो माणसाच्या पायातून बाहेर कसा काढायचा हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी नापास झालो असतो. तो पायात मुळी जाऊच नये म्हणून काय करावे, ही तर डॉक्टरची बाबच नव्हती. ते आरोग्यखात्याचे काम, आणि आरोग्यखाते म्हणजे वर्षातून एकदा भरून पाठवायचा छापील तक्ता, अशी आम्हां सगळ्यांची समजूत होती.

एका दिवाळीनंतर पश्चिम खानदेशात लोकल बोर्डाच्या दवाखान्यावर माझी नेमणूक झाली. नंदुरबार स्टेशनावर उतरायचे, मिरच्यांच्या वखारींमधून शिंकत बाहेर पडायचे आणि बैलगाडीने अर्धा दिवस जायचे. दवाखान्यात लाल, पिवळे आणि पांढरे अशी तीन औषधे होती आणि साहेब येणार असले म्हणजे पुसून ठेवायचा एक सूक्ष्मदर्शक होता. साहेब बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ लावल्या आहेत का ते वाकून पाहत. रोगी सरळ चालतात का, हे पाहण्याइतके ते कधी वाकले नाहीत.

सरळ चालणारे तसे कमीच होते. गावाला पाणी एका पायऱ्यांच्या विहिरीचे. तिला बावडी म्हणत. घागर भरायला बायापुरुष पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभे राहत. चुकार नारू वर्षभर निघत, पण खरा नारू निघायचा तो नेमका पेरणीच्या तोंडावर. पायाला फोड यायचा, आग व्हायची, म्हणून माणूस त्याच बावडीत पाय बुडवून बसायचा. फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके काढायचा आणि पुढचे महिना-दीड महिना तो माणूस खाटेवर पडून असायचा.

नारू काढण्याचा खरा दवाखाना गावच्या न्हाव्याच्या ओट्यावर होता. बांबूच्या काडीला जंताचे टोक गुंडाळून तो रोज बोटभर काढायचा. मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा जरा जोरातच ओढला.

"वढू नका, डाक्टरसाहेब! हाऊ पाव्हना शे. ओढाताण करी ते तुटी, आनि तुटना ते पाय गया."

तुटलाच. पाय गेला नाही, पण माझी पदवी त्या ओट्यावर बरीच आखूड झाली. त्यानंतर महिनाभर मी रोज सकाळी न्हाव्याशेजारी बसून शिकलो.

तिथेच ती बाई भेटली. तिशीची विधवा, जिभेची धारदार, चार बिघे काळ्या जमिनीची मालकीण. मागच्या पेरणीच्या वेळचा नारू तुटून तिच्या घोट्यात राहिला होता आणि जखम अजून वाहत होती. मी दिलेले औषध तिने आठवडाभर घेतले आणि बाटली परत आणून ठेवली.

"तुम्हनी लाल बाटली चांगली शे, भाऊ. मन्हा नारू रोज पेस आनि मोठा व्हस."

तिचे खरे दुखणे पायापलीकडचे होते. ती खाटेवर पडल्यामुळे मागच्या साली तिचे शेत दिराने पेरले होते. सलग तीन पेरण्या ज्याच्या हातच्या, शेत त्याचे, असे दीर म्हणे आणि पंच माना डोलावत. एक पेरणी झाली होती.

माघात तक्ता भरायचा म्हणून मी घरोघर फिरलो. नारू नाही असे घर सापडेना. सापडले ते एकच: बावडीला लागूनच असलेले मारवाडी शेठचे दुकान आणि त्यामागचे घर. पाणी तेच. मी आधी तूप, मग पायातले जोडे, मग त्यांचे उपासतापास अशा सगळ्यांना श्रेय देऊन पाहिले. एके दुपारी दुकानात पाणी मागितले तेव्हा उलगडा झाला. शेठच्या म्हाताऱ्या आईने पाणी गाळून होईपर्यंत मला थांबवून ठेवले.

"बिना छाण्यो पाणी म्हे कोनी पावां, डाक्टरजी."

दुहेरी जाड कापड घागरीच्या तोंडावर घालून तिने सावकाश पाणी गाळले. मग ते कापड उलटे करून एका लोट्यात निथळले आणि तो लोटा जपून बाजूला ठेवला. कापडावर अडकलेले जीव मरू नयेत म्हणून ते पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे, हा त्या घराचा धर्म.

मी तो लोटा मागून नेला आणि साहेब येणार नसतानाही सूक्ष्मदर्शक पुसला. ठिपक्याएवढे किडे उड्या मारत होते, आणि एकाच्या पोटात वेटोळे घातलेले नारूचे पिल्लू होते. पायातून पाण्यात, पाण्यातून किड्यात, किड्यातून तोंडात. ज्याची मी चार पानांवर वर्णने लिहिली होती त्याची सगळी वाट त्या म्हातारीच्या लोट्यात होती. पुढे नवे डॉक्टर माझ्याकडे महिनाभर शिकायला येऊ लागले तेव्हा मी त्यांना पहिला आठवडा न्हाव्याच्या ओट्यावर आणि दुसरा त्या म्हातारीच्या घागरीजवळ बसवी. काहींना तो अपमान वाटे. त्यांची औषधयोजना पुढेही लालच राहिली.

होळीच्या आधी गाव जमवले आणि सांगितले: पाणी गाळून प्या, आणि नारूचा पाय बावडीत घालू नका. खालच्या पायऱ्या दगडांनी बुजवा, वरून रहाट लावा.

"पानी गाळाले आम्ही काय वाणी शेतस का?" एक म्हातारा म्हणाला आणि हशा झाला.

मी आणखी एक सांगितले, आणि तेच महत्त्वाचे होते: आज प्यालेला नारू वर्षाने निघतो, म्हणून यंदा तो निघणारच. यावर हसू आणखी वाढले. गुण पुढल्या साली देणारा वैद्य त्यांनी पाहिला नव्हता. तेव्हा न्हावी उठला.

"हसू नका. तापीकाठनी, नदीनं पानी पेनारी नवी सून आपला गावमा येस, तिले पहिला साल नारू निघस का?"

गावात सगळ्यांनाच ते माहीत होते. नारू पहिले वर्ष नव्या सुनेचा मान राखतो, असे बायका कौतुकाने सांगत. वीस वर्षे काडी फिरवणाऱ्या माणसाने मान आणि मुदत यांतला फरक त्या दिवशी गावाला सांगितला. माझे सगळे व्याख्यान त्यापुढे फुकट होते. महिन्याभरात पायऱ्या बुजल्या आणि रहाट बसला. बोर्डाकडे परवानगीचा अर्ज मी नंतर पाठवला.

पेरणी आली आणि ठरल्याप्रमाणे नारूही आला. निम्मा गाव खाटांवर. मी दिसलो की लोक पाण्याचे फडके झटकून दाखवत. बाईच्याही पायातून नारू निघाला, तोही दुसऱ्या पायातून. दिराने तिच्या अंगणात येऊन गोड आवाजात सांगितले, "वहिनी, यंदा बी आनि पुढला साल बी मीच पेरसु. चिंता नको करू."

मी गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"हा गेल्या वर्षीचा प्यालेला," मी म्हणालो.

"माले माहीत शे, भाऊ. मी मूर्ख शे का हुशार, ते पुढला सालच समजी."

श्रावणात ती उठली, आणि त्यानंतर वर्षभर रोज सकाळी बावडीवर उभी राहिली. बिनफडक्याची घागर तिने एकदा सरळ पालथी केली. ती पाटलाच्या घरची होती. बंद पायऱ्यांवरून उतरू पाहणाऱ्याला ती सात पिढ्या ऐकवी. मी काही तिला नेमले नव्हते. नेमले असते तर तिने मला तक्ते भरायला लावले असते.

पुढल्या साली ज्येष्ठ सरला तरी न्हाव्याकडे एकच नारू आला. तोही वर्षभर नवापूरकडे लाकूडतोडीला गेलेल्या माणसाचा. "हाऊ आपला गावना नही," न्हावी अभिमानाने म्हणाला.

आणि त्याच वेळी बोर्डाला आमच्या रहाटाचा शोध लागला. साहेब त्याचे उद्घाटन करणार होते. मांडव पडला, तोरणे लागली, खुर्च्या आल्या, आणि बुजून वर्ष झालेल्या पायऱ्यांसमोर फीत बांधली गेली. साहेब मोटारीतून उतरले. मांडवात मी, कारकून आणि एक कुत्रा.

"लोक कुठे आहेत?" साहेब म्हणाले. "गेल्या वर्षी याच दिवसांत आलो होतो, तेव्हा तर घरोघर माणसे होती."

"खाटांवर होती, साहेब. आज वापसा आहे, पेरणीजोगी ओल. शेतात गेली आहेत."

साहेबांना ते पटले असावे, पण भाषण लिहून आणलेले होते. निदान चार माणसे तरी आणा, म्हणाले. मी निघालो. वाटेत प्रत्येक शेतात औत चालू होते. गाव इतके रिकामे मी कधी पाहिले नव्हते, आणि चालता चालता मला चक्क गाता येईल असे वाटू लागले.

बाईच्या शेतात काम नसलेला न्हावी बैलांपुढे चालत होता आणि ती पाभरीमागे, दोन्ही पाय काळ्या मातीत रोवून, दाणे सोडत येत होती. बांधावर तिसऱ्या पेरणीसाठी आलेला दीर उभा होता, हातात कासरा, कासऱ्याला बैल नाहीत. मी साहेबांचा निरोप सांगितला.

"साहेबले सांगा, भाऊ, माले सवड नही. वापसा गया ते तो यीसन पेरी दी का?"

मग ती बांधाकडे वळून ओरडली, "तू जाय ना रे मांडवमा! तुले आते काही काम नही."

दीर खरोखरच गेला. साहेबांचे सगळे भाषण त्याने एकट्याने पहिल्या खुर्चीत बसून ऐकले. तोवर तिचे दोन बिघे पेरून झाले होते.