खुर्चीचं टोपडं

कुंभार पिंपळगावात बाजाराच्या वाटेवर माझं बांगड्यांचं दुकान आणि शेजारी मीनाचं फॉल-पिकोचं. मी तोंडाची फटकळ. तिनं दुकान टाकलं त्याच आठवड्यात मी सुनावलं होतं, "तुझे धागे उडून माझ्या दारात येतात, झाडत जा." दुसऱ्या दिवशी बाई खुर्चीच्या पाठीला झाडू बांधूनच आली. तेव्हापासून ती मला आवडली.

खुर्ची म्हणजे बॅटरीवरची. मीनाला लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय लुळे पडले. थोरला भाऊ धर्मराज तिला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचा. पुढं तो जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये लागला आणि मीना घरात बसली. म्हातारी आई तुळजाबाई तिला उचलणार कशी? दारातून दिसेल तेवढाच रस्ता तिचा. मग जालन्याच्या एका शिबिरात ही खुर्ची मिळाली. हाताशी एक दांडी, ती पुढं ढकलली की खुर्ची चालायची. तिच्या जोरावरच मीनानं दुकान टाकलं. कुणाला हाक न मारता उंबरा ओलांडणं काय असतं, हे तिला चाळिशीला आल्यावर कळलं.

शिबिरातल्या माणसानं बजावलं होतं की पाणी म्हणजे हिला विष; सीटखालच्या मशीनच्या डब्यात शिरलं की खेळ खलास. मीनानं ते मनावर घेतलं. दांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिला वरून रबर. जुना रेनकोट उसवून तिनं त्या डब्याला टोपडं शिवलं, तान्ह्या लेकराला शिवतात तसं नाड्या लावून. रस्त्यावर पाणी साचलं तर ओसरेपर्यंत दुकानातून हलायची नाही. घरी गेल्यावर टोपडं सोडून खुर्चीला आधी वारा लावायची, चाकं पुसायची, आणि पुरती वाळल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. पोरं चिडवायची, हिनं खुर्चीशी लग्न लावलंय म्हणून. ती हसायची आणि पुसत राहायची.

एकदा भर बाजारात जोराची सर आली. मी छत्री घेऊन धावले, तर रेनकोटचं टोपडं खुर्चीला आणि बाई नखशिखांत निथळतेय.

"अगं, सर्दी कुणाला होणार, तुला का खुर्चीला?"

"काकू, मी वाळते. ही न्हाई वाळत."

असे तिनं पावसाळे काढले. खुर्चीत पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही.

दसऱ्याला धर्मराज सुट्टीवर आला. आमच्याकडं त्या दिवशी गाड्या धुतात, हार घालतात, हळदकुंकू वाहतात. ट्रॅक्टर, मोटरसायकल, शेजारच्या पोराची सायकलसुद्धा सुटत नाही. पुढचं मला तुळजाबाईनं सांगितलं. सकाळी त्यानं अंगणात बोअरची मोटार सुरू करून पाइप धरला. मीना न्हाऊन आत बाजेवर बसलेली, खुर्ची बाहेर ओट्यापाशी. मोटरसायकल धुऊन भाऊ खुर्चीकडं वळलेला तिला दारातून दिसला. तिनं ओरडून ओरडून घसा फोडला, पण मोटारीच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार! शेवटी ती बाजेवरून खाली पडली आणि हातांवर सरकत उंबऱ्यापाशी आली.

तोवर सगळं होऊन गेलं होतं. टोपडं सोडून त्यानं घडी घालून ठेवलं होतं. शाम्पू लावला होता, सीटखाली पाइप धरून दोन पावसाळ्यांचा चिखल काढला होता. झेंडूचा हार घातला होता. संध्याकाळी सोनं वाटायला जाताना बॅटरी भरलेली असावी म्हणून चार्जिंगची पिनसुद्धा घातली होती. जळका वास अंगणभर झाला.

"दादा, इचारलं का न्हाईस?"

"गाडी धुवायला काय इचारायचं गं? सगळ्यांच्या धुतल्या, मंग तुझीच तशी ठिवायची का?"

मला त्याचा संताप येतो, आणि तो धड टिकतही नाही. अख्खा गाव तिला खुर्ची म्हणतो. त्यानं एकट्यानं तिला मीनाची गाडी धरलं होतं.

संध्याकाळी तो म्हणाला, "चल, पाठीवर घेतो, सोनं देऊन येऊ."

"मला हात लावू न्हको," ती म्हणाली, आणि नंतर त्याच्याशी बोललीच नाही.

खुर्ची वाळवून पाहिली, काही हललं नाही. मग टेम्पो करून जालन्याला नेली. मी बरोबर गेले. धर्मराजनं तिला उचलून पुढं माझ्याशेजारी बसवलं, तेव्हा तिनं तोंड फिरवून घेतलं होतं. जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करणारा होता. त्यानं डबा उघडला. आत सगळं काळं.

"पाणी गेलंय. पावसात फिरवली बराबर. हा डबा आता मिळत न्हाई, दुसरा बसत न्हाई. तुम्ही लोक बिलकुल काळजी घेत न्हाईत बघा."

माझी जीभ वळवळली. धर्मराजनं मान खाली घातली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"हो," मीना त्याच्या आधी बोलली. "मीच नेल्ती पावसात."

इतकं वाईट मला माझ्या माणसांच्या मरणातही वाटलं नव्हतं.

येताना अर्ध्या वाटेवर पावसानं गाठलं. खुर्ची मागं उघड्यावर. धर्मराजनं टेम्पो थांबवायला लावला आणि उतरला.

"ऱ्हाऊ दे, दादा," मीना म्हणाली. "भिजू दे आता."

त्यानं ऐकलं नाही. भिजत मागं चढला, दांडीवर पिशवी घातली, रबर चढवलं. टोपडं ओढून नाड्या बांधायला लागला. मीना मागच्या काचेतून बघत होती. मग तिनं काचेवर टकटक केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली,

"खालून बी बांध. पाणी खालून शिरतंय."

तो गुडघ्यावर बसला आणि खालची गाठ मारली.

"हां," मीना म्हणाली. "असं झाकत असतेत."

मग तिनं कमरेची दुकानाची किल्ली सोडली, "काकू, गिऱ्हाइकांच्या साड्या तेवढ्या ज्याच्या त्याला देऊन टाका," म्हणाली आणि ती माझ्या हातात दिली.