विमानतळाला उंबरा नसतो

आमच्या बोरी गावापासून हैदराबादचं विमानतळ म्हणजे पहाटे निघून दुपार गाठायची, तीही खड्डे चुकवत. नांदेडलाही विमानतळ आहे. पण धाकट्या भावाचं विमान परदेशातलं, ते नांदेडला कशाला टेकतंय? कोणी येऊ नका, असं त्याने फोनवर बजावलं होतं. आईने ऐकलं नाही, उलट मला पिकअप धुवायला लावली. त्या गाडीतून मी एरवी बाजाराला शेळ्या नेतो. फिनेल ओतून धुतली तरी वास काही गेला नाही.

आईचा हट्ट एकच होता. लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवायचं, त्याच्यावरून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, मगच आत घ्यायचं. मागच्या खेपेला भाऊ आला तेव्हा ती शेतात होती आणि साहेब बुटांसकट थेट घरात. पुढे कैक वर्षं तो फिरकला नाही. त्याचं खापर आईने त्या राहिलेल्या तुकड्यावर फोडलं. मी म्हणालो, तुकड्याचा काय दोष, त्याला यायचंच नव्हतं. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. या खेपेला तो कुठे टेकायच्या आत तिला त्याला गाठायचं होतं.

हैदराबादचं म्हणून ज्याचा एवढा डंका, ते विमानतळ हैदराबादेत नाहीच. शहर मागे टाकून माळावर बांधलंय. माळ तर आमच्याकडेही आहे. आत शिरलं की बाणांमागे बाण, आणि त्या बाणांनी आम्हाला पुन्हा बाहेर आणून सोडलं. गाडी जरा थांबवली की शिट्टी. जिथे लोक माणसं घ्यायलाच येतात तिथे थांबायलाच मनाई. ही अक्कल कोणाची, देव जाणे.

बाहेर यायच्या दारासमोर लोखंडी कठडा. आई तो धरून उभी राहिली, हातात पाण्याचा तांब्या, पदराच्या गाठीत भाकरीचा तुकडा. काचेचं दार आपोआप उघडत होतं, आपोआप मिटत होतं. बराच वेळ ती दाराच्या बुडाशी बघत राहिली.

“ह्याला उंबराच न्हाई रे,” ती म्हणाली. “कुठं थांबवू त्याला?”

तेवढ्यात भाऊ आला. काळा चष्मा, सामानाची गाडी, मागे बायको. आईने कठड्यावरून हात लांबवून तुकडा फिरवायला घेतला, तोच पहारेकरी धावत आला. अम्मा, रोटी-पानी इदर फेकना नक्को, म्हणाला. बिचारा अदबीने बोलला. त्याचा मला राग आला नाही.

भावाने मात्र इकडेतिकडे पाहिलं. “आई, इथे नको. लोक बघताहेत.”

बघायलेत म्हणायचा हा एके काळी. आता बघताहेत. पुढे कळलं की त्याने स्वतःची गाडी मागवली होती, शहरात सासरची माणसं जेवायला थांबली होती, गावाकडे तो आठ-पंधरा दिवसांत येणार होता. पाया पडला, तेही गुडघ्यापर्यंतच वाकून. आईने तुकडा परत गाठीत बांधला.

परतीच्या रस्त्याला मी त्या विमानतळाचा, चष्म्याचा आणि चष्म्यातल्या माणसाचा यथेच्छ उद्धार केला. वाटेत एका धाब्याच्या बाजेवर पाठ टेकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो.

मी किल्ली फिरवत सरळ आत निघालो, तर आईने उंबऱ्यात आडवा हात घातला. पदराची गाठ सोडली. तुकडा वाळून खडखडीत झाला होता. तो तिने माझ्या तोंडावरून ओवाळला.

“तू बी लांबूनच आलास की.”

मी कायम घरातला. माझ्यावरून आजवर कोणी काही ओवाळलं नव्हतं. भावाचा उरलेला तुकडा, तोही शिळा, मला होय? असं सुनावायचं अगदी ओठावर आलं होतं. पण मी किल्ली खिशात टाकली आणि उंबऱ्याबाहेर पाय जुळवून उभा राहिलो. तुकडा अंगणात टाकताना तिने माझ्या खांद्यावरून एकदा रस्त्याकडे पाहिलं.