सलग रेघेपाशी

खोपटच्या डेपोत एसटीची वाट बघत मी पायलटच्या परीक्षेचा अभ्यास करत बसलेलो. शेजारचे काका सारखे वहीत डोकावत होते. त्यांच्या नखांत पिवळा रंग वाळलेला. मी तुसडेपणानं म्हणालो, "काका, हे विमानतळाचं आहे. तुम्हाला नाही कळणार."

त्यांनी बोट शर्टाला पुसलं आणि वहीतल्या धावपट्टीच्या आकृतीवर अलगद ठेवलं. "तुटक रेघा धावपट्टीच्या बाजूला पाहिजेत, सलग अलीकडे. तुम्ही उलट्या काढल्यात. सलग रेघेपाशी विमान थांबतं, परवानगी येईपर्यंत. त्या रंगवायला जातो ना आम्ही, आम्हीपण तिथंच थांबतो."

पुस्तकात तसंच होतं. मी आभारसुद्धा मानले नाहीत. मोबाइल काढून बसलो.

आता विमान घेऊन त्या रेघांपाशी थांबलो, की परवानगी लवकर यावी असं वाटतं. त्या पिवळ्या रंगाकडे फार वेळ बघवत नाही.