खांदशेकणीचं तूप

मेडशीतले आमचे शेजारचे काका गावातल्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. बैल विकल्यापासून त्यांचा लॅपटॉप रिकाम्या गोठ्यातच असतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावभर बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात, तेव्हा काका लॅपटॉप पुसायला बसतात.

परवा त्यांनी तो बंद केला, वायर काढली आणि नुसते बघत राहिले.

"पुसा ना काका," मी म्हटलं.

"थंडा होऊ दे. कामावरून आल्या आल्या बैलाच्या अंगावर पानी टाकते काय कोनी?"

मग मऊ ब्रशनं बटणांतली धूळ झाडली, पिळलेला फडका पडद्यावरून हलकेच फिरवला. लांब कुठंतरी घुंगरं वाजत होती.

काकूंनी सवयीनं तूप-हळदीची वाटी आणून ठेवली. काकांनी वाटीत बोटं बुडवली, तशी मी दचकले.

"मशीनले नाई चालत तूप," ते म्हणाले, आणि डोळे मिटून स्वतःचीच मनगटं चोळत राहिले.