गार हवेवरचा गहिनीनाथ

नगरच्या स्टेशन रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात गार हवेचं यंत्र होतं आणि ते चालवायला गहिनीनाथ होता. मूळचा खर्ड्याचा. यंत्र बसवायला मुंबईहून माणसं आली तेव्हा तो पाइप उचलायला त्यांच्या हाताखाली लागला आणि ती गेल्यावर तिथंच राहिला. काम म्हटलं तर थोडं. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या देवळात जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो. बँड देवळाकडून परत फिरल्याचा आवाज आला की गहिनीनाथ यंत्र सुरू करी, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा काटा खाली आणी. पंगती उठल्या की बंद.

१९७३च्या उन्हाळ्यात मालक राधाकृष्ण झंवर यांनी थर्मोस्टॅटशेजारी एक घड्याळ बसवलं. त्याच्या तबकडीला दोन खुंट्या होत्या. पत्रिकेतला मुहूर्त बघून सकाळीच त्या लावून ठेवायच्या. पहिल्या खुंटीला यंत्र आपोआप सुरू, दुसरीला बंद.

"शेठ, त्याला काय कळतंय? नवरदेव मारुतीलाच आडून बसला तर?"

"तर बघू. एवढा हंगाम जाऊ दे. घड्याळ फसलं तर तू राहशील."

गावाकडं पाऊस गेला होता. बायको राहीबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. घरातला बारमाही पगार त्याचा एकट्याचा. मग तो रोज वाट पाहू लागला, आज तरी लग्न लांबेल म्हणून.

पण शेठ वधूपित्यांना आधीच बजावू लागले होते, उशीर केलात तर उकाड्यात अक्षता टाका. आणि लोक चक्क वेळेवर येऊ लागले. नगरात असं गहिनीनाथानं कधी पाहिलं नव्हतं.

हंगाम संपत आला तेव्हा तो बँडवाल्या छगनकडे गेला.

"छगनराव, उद्या जरा बाजारातनं वळसा घालून आना की नवरदेवाला."

"का रं? तुझं लगीन हाय का?"

"थोडा उशीर होऊ द्या. पोटाचा सवाल हाय."

"आन् माझी पोरं? सरळ वाटेनं वाजवताना चक्कर येऊन पडत्यात. न्हाई बाबा."

छगनची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी नवरदेव रेडिओसाठी मारुतीच्या पायरीवर रुसून बसला. सोयऱ्यांची बोलाचाली लांबली. इकडे यंत्र रिकाम्या खुर्च्यांवर गार हवा सोडत राहिलं आणि वऱ्हाड आत शिरता शिरता दुसऱ्या खुंटीला बंद झालं. गहिनीनाथ यंत्राच्या खोलीत खटक्यावर हात ठेवून उभा राहिला. आता शेठ हाक मारतील.

हॉल तापला. मंगलाष्टकं सुरू झाली. हाक आली नाही. तो दारात जाऊन उभा राहिला. बायका पदरानं, पुरुष टोपीनं वारा घेत होते. अक्षता पडल्या, पंगती बसल्या.

न राहवून त्यानं नवऱ्याच्या मामाला विचारलं, "पाव्हणं, लई उकडतंय, न्हाई?"

"लग्नात उकडायचंच. तू मठ्ठा आन."

संध्याकाळी तो शेठसमोर जाऊन उभा राहिला. "घड्याळ फसलं, शेठ."

"फसलं. पण ओरडलं कोण? एकानं तरी तक्रार केली?" शेठ भिंतीवरच्या घड्याळाशी गेले आणि त्यांनी दोन्ही खुंट्या एकमेकींच्या जवळ आणल्या. "इतका वेळ चालवायची गरजच नव्हती म्हणायची. तू आता येऊ नकोस."

"तुमी शब्द दिल्ता."

"दिला होता. तू दारात उभा राहून बघत होतास ना? मग काय अडलं तुझ्यावाचून, सांग."



आठवड्याभरात गहिनीनाथ खर्ड्याजवळच्या दुष्काळी कामावर हजर झाला. मुकादमानं विचारलं, "आधी काय करायचास?"

"हॉल गार करायचो."

टोळी हसली. "मग ह्यो माळ कर की गार!"

त्याला राहीबाईच्या बाजूचा ढीग मिळाला. ती हसली नव्हती. उन्हासाठी डोळ्यांवर ओढलेला पदर तिनं वर केला नाही, आणि तिची हातोडीही थांबली नाही.