कारभारीदादांच्या फोनवरची अमावास्या

हर्षालीला शांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या दीड खोलीच्या ऑफिसात ती माझ्यासमोर बसून लोकांच्या वेबसाइट तयार करते आणि काही चुकलं की स्वतःलाच मोठ्याने शिव्या देते. मी चित्रं आणि रंग बघते. तिचा कोड मला कळत नाही, शिव्या मात्र पाठ झाल्यात.

ती विंचूरजवळच्या एका खेड्यातली. गावच्या शेतकऱ्यांसाठी तिने हौसेने एक पान केलंय. कांद्याचा लिलाव आहे की नाही, एवढंच ते सांगतं. अमावास्येला हमाल-मापारी काम करत नाहीत, म्हणून त्या दिवशी आपोआप 'बंद' दाखवायचं, असं तिने कोडमध्ये लिहिलेलं. गंमत अशी की ही सुट्टी नको म्हणून तिचे वडील, कारभारीदादा, बाजार समितीशी वर्षभर भांडत होते. शेवटी समिती म्हणाली, एक अमावास्या चालू ठेवून बघू. माल आला तर पुढेही चालू, नाही आला तर विषय संपला.

आदल्या दुपारी हर्षालीने कोड बदलला. उद्याच्या तारखेसमोर ठळक अक्षरांत 'लिलाव चालू'. खूश होऊन चहा मागवला, तेवढ्यात दादांचा फोन.

"हर्षाली, तुझं पान तर उद्या बंद म्हनतंय! चौघं येऊन इचारून गेले. गावात माझं नाक कापती का?"

तिने तारखांची फाइल पुन्हा चढवली. तिच्याकडे चालू, दादांकडे बंदच. आधी नेटला शिव्या, मग स्वतःला. लोकांनी ट्रॅक्टर भरलेच नाहीत, तर त्या भल्या माणसाचं सगळं भांडण पाण्यात जाणार होतं.

"दादा, शेजारच्या चतुरामावशींच्या फोनवर बघा बरं," हर्षाली म्हणाली.

चतुराबाईंनी ते पान कधीच उघडलं नव्हतं. त्यांच्याकडे चालू!

"म्हंजी मी रोज बघतो तर मला शिळं, आन् हिला ताजं?" दादा भडकले.

हर्षालीने कपाळावर हात मारला. शेतात रेंज नसते, म्हणून एकदा उतरवलेली फाइल महिनाभर जपून ठेव, असं ब्राउझरला तिनेच सांगितलं होतं. फाइलचं नाव तेच, त्यामुळे फोन नवी मागतच नव्हता. तिचा लॅपटॉप मात्र कामासाठी काहीच साठवत नाही, म्हणून तिला सगळं आलबेल दिसत होतं.

"मग गावभर सगळ्यांना साठवलेलं पुसायला सांगायचं?" मी विचारलं.

"नको सुमेधाताई, दादा नातवंडांचे फोटो पुसून बसतील."

तिने फाइलला नवं नाव दिलं आणि पानाला तीच मागायला लावली. या नावाचं फोनकडे काही नव्हतंच, त्याला ती आणावीच लागली. दादांच्या फोनवर 'चालू' आलं. "आता बरोबर हाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला. शाबासकीचा एक शब्द नाही. मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. हर्षालीने घाबरतच स्पीकर लावला. पलीकडे हॉर्न, इंजिनं, आरडाओरडा.

"लय ट्रॅक्टर! रांग पार हायवेला लागली!"

हर्षालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मलाही राहवलं नाही, मी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या काय वाजवता?" दादा ओरडले. "घरोघर तुझं पान दाखवत फिरलो, आन् माझाच ट्रॅक्टर सगळ्यात मागं ऱ्हायला! इतक्या लवकर नीट करायची काय घाई व्हती गं तुला?"