बोडीच्या पाळीचा फोटो

लढाईचे दिवस होते आणि फिल्म मिळणं मुश्कील झालं होतं. मी गोंदियाला एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मी दोन दिवसांची सुटी मागितली, तेव्हा मालकांनी स्वतःचा डबा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "तीन ही बची हैं. सोच के खींचना," एवढंच म्हणाले.

आमची शेती अर्जुनीच्या पुढे, एका लहान गावात. ती काका करत. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी गोंदियाला आले ते तिथलेच झाले, आणि माझा तर जन्मच रेल्वेच्या चाळीतला. शेत माझ्यासाठी दिवाळीला येणारं तांदळाचं पोतं होतं, त्यापलीकडे फारसं काही नाही. वडील गेल्यावर मात्र त्या शेताचा एखादा फोटो घरात असावा असं वाटू लागलं होतं.

छोट्या लाईनच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो आणि तिथून पायी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकींना घेऊन शेतावर आलो. काकींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दोघांना मोहाच्या झाडाखाली उभं केलं. काका इतके ताठ उभे राहिले की काकींना हसू आवरेना. "श्वास त घ्या," त्या म्हणाल्या. तो पहिला फोटो. दुसरा सगळ्या बांध्यांचा, म्हणजे धानाच्या खाचरांचा काढला, पार जंगलापर्यंत हिरवं धान.

तिसरा बैलांचा काढावा असं मी ठरवलं होतं. काका म्हणाले, "बैलं राहू दे. बोडीच्या पाळीचा काढ."

शेताच्या वरच्या अंगाला आमची बोडी आहे. लहानसं तळंच ते, पाऊस थांबला की धानाला पाणी तिचंच. तिचं पाणी अडवणारी मातीची पाळ एका जागी थोडी फुगलेली होती. काका तिथं जाऊन उभे राहिले.

"अठी दार हाये," ते म्हणाले.

"कसलं दार?"

"आपल्या घराचं. तुया बापाची आजी होती ना, तिनं गाडलं."

ही गोष्ट वडिलांनी मला कधीच सांगितली नव्हती. एका वर्षी झड लागली आणि पाळ फुटली. पुरुषमाणसं गावाच्या तलावाकडे धावली होती. पणजी घरी एकटीच. तिनं घराचं दार चौकटीतून उपसलं, डोक्यावर घेतलं, इथवर आणलं आणि भगदाडात उभं करून पाठीनं रेटून धरलं. माणसं परतली तेव्हा ती तशीच उभी होती. मग त्यांनी दाराला धरून माती भरली. दार पुन्हा काही निघालं नाही. ते वर्ष दाराच्या जागी बांबूचा तट्टा बांधून काढावं लागलं.

"पण काका, फोटोत दार दिसणार नाही. नुसती माती दिसेल."

"तुले माहीत झालं ना आता? मंग काढ."

मी खालच्या बांधीत उतरलो. गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो, तसाच वाकलो आणि शेवटची फिल्म त्या मातीवर खर्च केली. खरं सांगायचं तर मनातून हळहळलोच. बैल चांगले आले असते.

स्टुडिओत फिल्म धुतली. बांध्यांच्या फोटोत उजेड शिरला होता, अर्धा पांढराच झाला. काका-काकींचा ठीक आला, पाळीचा मात्र लख्ख. दसऱ्याच्या सुमारास दोन्ही फोटो घेऊन मी पुन्हा गावी गेलो. काकींनी स्वतःचा फोटो पदराखाली नेला, बहुतेक शेजारी दाखवायला. काका पाळीचा फोटो ओसरीवर उजेडात धरून बसले. मग त्यांनी पाळीच्या पायथ्याशी बोट ठेवलं.

"हा डाग काहाचा?"

"धुताना पडला असेल."

"धुताना नाई पडला. अठी गवत पाय ना, कसं दाट हाये. पानी झिरपून राहिलं."

ते रोज पाळीवरून चालत, पण वरून ती जागा गवतात झाकलेली होती. मी खालून, चिखलात उभा राहून पाहिली होती, आणि मलाही ती दिसली नव्हती. काकांनी फोटो फळीवर ठेवला, फावडं उचललं आणि निघाले. मीही मागे गेलो.

गवत उपटलं तर खाली खेकड्यांची बिळं, आणि त्यांतून हळूहळू पाणी येत होतं. हलकं धान निघालं होतं, पण उशिरा पिकणारं भारी धान अजून उभं होतं; बोडी रिकामी झाली असती तर दाणा पोचट राहिला असता. काका चिकणमाती कापून देत होते आणि मी ती हातांनी दाबत होतो.

"भाकरीवानी नको थापू. मूठ घाल आतमंधी. काऊन, हात दुखून राहिले?"

"नाही," मी म्हणालो. दुखत होते. पण कोपरापर्यंत त्या थंड मातीत हात गेले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही जमीन मला ओळखते. मी पणजीला पाहिलं नव्हतं. तिचा फोटो कुठून असणार! तरी ती कुठं टेकली असेल, पाय कुठं रोवले असतील, ते मला त्या दुपारी नेमकं कळलं.

संध्याकाळपर्यंत झिरप थांबली. माझी गाडी केव्हाच गेली होती. काकींनी नव्या धानाचे पोहे भिजवले. काका हात धूत म्हणाले, "उद्या दुसरी बाजू पायू."

त्या साली भारी धान चांगलं साधलं. पोट मी फोटोंवरच भरलं, पण तेव्हापासून दर भादव्यात सुटी काढून पाळीवर माती चढवायला जाऊ लागलो. कॅमेरा बहुतेक वेळा गोंदियालाच राहायचा.